नोटीस समजली

‘आता तुमी मला सांगा.’

एवढं म्हणून मामा गप्प बसायचे. हातातल्या कागदाची चौघडी घालून ती शर्टाच्या खिशात ठेवायचे, खिशावरून एकदा हात फिरवायचे आणि समोरच्याकडे बघत राहायचे. समोर मासेमार असो, त्याची बायको असो, नाहीतर आमचे साहेब असोत, सांगितलेली गोष्ट त्याने आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत मामा जागचे हलत नसत. सांगून झालं की म्हणायचे, ‘बरोबर.’ मग चप्पल घालायचे.

आमच्याकडे शिपायाला मामा म्हणतात. तुमच्याही कार्यालयात म्हणत असतील. त्यांचं नाव हजेरीपटावर होतं आणि महिन्यातून एकदा पगाराच्या कागदावर दिसायचं. एरवी ते कुणी घेतलं नाही, म्हणून मीही इथे घेत नाही.

आमचं कार्यालय मासेमारीचे परवाने देतं. मराठवाड्यात आणि मासेमारी, असं म्हणून लोक हसतात. माझ्या लग्नाच्या बोलणीत सासूबाईंनी दोनदा विचारून घेतलं होतं, की मुलगी नक्की कसल्या ऑफिसात आहे. पण आमच्या शहरातून पैठणच्या रस्त्याने चितेगाव मागे टाकून पुढे गेलात की कधीतरी धरणाचं पाणी लागतं, आणि ते संपता संपत नाही. त्या पाण्याच्या काठाने गावंच्या गावं आहेत आणि त्यातली कितीतरी घरं रोहू, कटला आणि चिलापी या माशांवर जगतात. त्यांचे परवाने आमच्या कपाटात असतात.

परवाना आला की नियम आले आणि नियम आले की नोटिसा आल्या. पावसाळ्यात अमुक दिवस मासेमारी बंद. अमुक मापापेक्षा बारीक जाळं वापरल्यास जप्ती. होडीवर नंबर रंगवा. परवान्याचं नूतनीकरण अमुक तारखेच्या आत करा. नोटिसा लिहिण्याचं काम माझं होतं आणि त्या काठावर पोहोचवण्याचं मामांचं. ते सकाळच्या एसटीने जायचे, गावोगाव फिरायचे आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी सह्या-अंगठे घेतलेल्या पोचप्रती माझ्या टेबलावर आणून ठेवायचे.

मी नोकरीला लागले तेव्हा मला माझ्या मराठीचा फार अभिमान होता. सरकारी मराठी मला अशी काही जमायची की जुने हेडक्लार्क माझा मसुदा न वाचता पुढे पाठवत. ‘उपरोक्त विषयान्वये सर्व परवानाधारकांना सूचित करण्यात येते की’ इथून सुरू झालेलं माझं वाक्य अर्ध्या पानावर जाऊन थांबत असे. माझी पहिली नोटीस जाळ्याच्या मापाबद्दल होती. मामा ती घेऊन गेले आणि दोन दिवसांनी परत आले.

पोचप्रतीवर खाली छापलेलं असायचं, ‘नोटीस मिळाली’. त्याखाली सही. मी गठ्ठा उघडला तर प्रत्येक कागदावर ‘मिळाली’ हा शब्द खोडलेला आणि वर हाताने लिहिलेलं, ‘समजली’. आणि अकरा कागदांवर लिहिलं होतं, ‘समजली नाही’.

मी चिडले. हा काय प्रकार आहे, असं विचारलं. मामांनी शांतपणे सांगितलं, की त्यांना आत्तापर्यंतच्या सगळ्यांनी हेच विचारलं आहे. मग म्हणाले, ‘ताई, अकरा जनाला समजली नाय. खरं म्हंजे बाकीच्यालाबी नाय समजली, पन त्यांना घरी जायची घाई व्हती. आन मला तर नायच समजली.’

मी म्हटलं, मामा, समजण्याची जबाबदारी आपली नाही, पोहोचवण्याची आहे. हे वाक्य मी कुठून तरी ऐकलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. मामांनी ते ऐकून घेतलं. मग माझीच नोटीस माझ्यासमोर ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. ‘आता तुमी मला सांगा,’ म्हणाले. ‘जाळं किती मोठं पायजे?’

मी मिलिमीटरमध्ये सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे किती बोटं. मला सांगता येईना. मासेमार जाळ्याच्या एका घराला आस म्हणतात आणि तो बोटांनी मोजतात, हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पट्टी काढली, बोटं मोजली. माझी बोटं बारीक, मामांची जाड. हेडक्लार्कसाहेबांची आणखी निराळी. शेवटी मामा खाली टपरीवर गेले आणि काडेपेटी घेऊन आले. ती पट्टीवर ठेवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. काडेपेटी आसातून आरपार गेली तर जाळं कायद्यात, अडकली तर जप्तीत. पुढच्या खेपेला मामा हे एवढंच सांगून आले आणि अकराच्या अकरा जणांनी ‘समजली’ लिहून दिलं. दुसऱ्या छापाची काडेपेटी जराशी लहान निघते हे नंतर लक्षात आलं, तेव्हा एक अख्खी दुपार मी काडेपेट्या मोजण्यात घालवली आहे. सरकारने मला त्याचा पगार दिला.

त्या दिवसापासून मी नोटिसा निराळ्या लिहायला लागले. वाक्यं छोटी केली. उपरोक्त काढून टाकलं. मसुदा झाला की आधी मामांना वाचायला द्यायचा. ते तो वाचत, खिशात ठेवत आणि मला सांगत. जिथे अडखळतील ते वाक्य मी बदलायची. वर्षभरात पोचप्रतीच्या नमुन्यातही मी ‘समजली’ हाच शब्द टाईप करून घेतला. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यावर शेरा मारला, की हा नमुना कुठल्या परिपत्रकात आहे. आम्ही शोधतो म्हणून सांगितलं. अजून शोधतो आहोत.

मामा शहरातल्या छावणी भागात दोन खोल्यांत राहायचे. मूळ गाव फुलंब्रीकडचं. भाऊ शेती करायचा. मामांची बायको लवकर गेली होती आणि एकुलत्या एका मुलीचं त्यांनी सगळं एकट्याने केलं. मुलगी नर्स झाली. ती सांगायची, की लहानपणी बाबा मला बाजारात पाठवताना यादी देत नसत. चार गोष्टी सांगायचे, परत म्हणून घ्यायचे आणि मगच पिशवी हातात द्यायचे.

एकदा त्यांचा गुडघा दुखत होता म्हणून मीच त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी भराभर गोळ्या लिहून दिल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. मामा उठले नाहीत. ‘साहेब, आता मी तुमाला सांगतो,’ असं म्हणून त्यांनी सगळ्या गोळ्या डॉक्टरांना परत सांगितल्या. डॉक्टर आधी वैतागले. मग मध्येच थांबले, चिठ्ठी मागून घेतली आणि एक गोळी खोडली. बाहेर आल्यावर मामा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मीच आठवडाभर सगळ्यांना सांगत होते.

काठावर मी त्यांच्याबरोबर पहिल्यांदा गेले ती पावसाळ्यातल्या बंदीची नोटीस घेऊन. तोवर मी फक्त यादीतली नावं पाहिली होती. सकाळचं मासळीचं वजन चाललं होतं, माणसं काट्याभोवती जमली होती. मामांनी घाई केली नाही. वजन उरकू दिलं. मग एका उलट्या घातलेल्या होडीवर बसले आणि कागद न काढताच बोलायला लागले. बंदी किती दिवस, कुठून कुठपर्यंत, धरणात उतरलं तर काय होईल. कुणीतरी मागून विचारलं, की पाणी आमचं, मासे आमचे, सरकार कोण बंद करणारं. मामा म्हणाले, ‘रस्त्यानं पोटुशी बाई चालली असली तं आपन गाडी हळू घेतो का नाय? तेच हे. त्येंचे अंडे घालायचे दिवस हायेत.’ विचारणारा निघून गेला नाही, पुढचं ऐकत उभा राहिला.

मग सगळ्यांची सांगायची पाळी आली. कुणी दिवस चुकायचा, कुणी दंड विसरायचा. मामा न चिडता परत सांगायचे. शेवटी पुढे आली मथुराबाई.

मथुराबाई हे नाव मी यादीत पाहिलं होतं. काठावर स्वतःच्या नावाचा परवाना असलेल्या बायका तेव्हा दोन-तीनच होत्या आणि ही त्यातली एक. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, परवाना दिराच्या नावावर कर. तिने केला नाही. पहाटे ती स्वतः थर्माकोलच्या होडीत बसून जाळं काढून आणायची. शाळा तिसरीपर्यंत. ती मामांसमोर उभी राहिली, उजव्या हाताचं एकेक बोट मुडपत गेली आणि एकेका बोटाला एकेक गोष्ट सांगत गेली. एक सुटली नाही, एक जादा आली नाही. पाच बोटं मिटली की हात खाली घेऊन ती मामांकडे बघत उभी राहिली. मामा म्हणाले, ‘बरोबर.’ मग तिने सही केली. मामा मला हळूच म्हणाले, की ही माझी पहिल्या नंबरची.

परतीच्या गाडीत मी त्यांना विचारलं, हे सगळं तुम्ही कधीपासून करता. ते खिडकीबाहेर बघत सांगू लागले. नोकरीच्या सुरुवातीला तेही इतरांसारखेच होते. नोटीस शाळेच्या भिंतीवर चिकटवायची आणि परतीची गाडी पकडायची. अशाच एका नोटिशीनंतर एका माणसाची सगळी जाळी जप्त झाली. त्याला वाचता येत नव्हतं. भिंतीवर कागद आहे एवढंच त्याने पाहिलं होतं. पुढच्या खेपेला मामा त्याच्या दारावरून गेले. ‘त्यानं मला पानी दिलं,’ मामा म्हणाले. ‘लोटा भरून दिलं. पन बोलला नाय. मी पानी पिलो आन तसाच उभा ऱ्हायलो. त्यानं काईतरी बोलायला पायजे व्हतं, ताई.’



मग नवे साहेब आले. मला त्यांच्याबद्दल वाईट लिहायचं नाही, कारण ते वाईट नव्हते. तरुण होते, कामाला वाघ होते आणि एका नोटिशीसाठी एक कर्मचारी तीन दिवस बाहेर राहतो हे त्यांना पटत नव्हतं. त्यांनी सगळ्या परवानाधारकांचा व्हॉट्सॲप ग्रुप करायला सांगितलं. तो मी केला. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. मामांचा गुडघा आता जिनाही चढू देत नव्हता, आणि माझ्या टेबलावरचे गठ्ठे कमी होणार होते. मामांना आवक-जावकच्या खिडकीत बसवलं. ते बसले. पण नवीन नोटीस निघाली की ते माझ्या टेबलाशी यायचे, वाचायचे, कागद खिशात ठेवायचे आणि मग आपल्याला कुठे जायचं नाही हे आठवून तो काढून परत द्यायचे.

ग्रुपवरची पहिली मोठी नोटीस नूतनीकरणाची होती. या वेळी नियम बदलला होता. महिन्याच्या आत परवानाधारकाने स्वतः कार्यालयात यायचं, जुना परवाना, होडीचा फोटो आणि राहण्याचा दाखला द्यायचा. नाही आला तर परवाना रद्द आणि त्याची जागा प्रतीक्षा यादीतल्या माणसाला. मी ती साध्या भाषेत लिहिली आणि ग्रुपवर टाकली. दोन दिवसांत सगळ्यांसमोर मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. मी कॉम्प्युटरवर तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात पहिल्या नावापुढे ‘समजली’ टाईप केलं आणि माऊसने खाली ओढत नेलं. सगळ्या नावांपुढे ‘समजली’ झालं. छापील प्रत काढून मी खाली सही केली. या सगळ्याला एक मिनिटही लागलं नसेल.

महिना संपला तेव्हा एकोणीस जण आले नव्हते. साहेबांनी रद्द करायच्या परवान्यांची यादी मागितली. मी ती केली आणि जावकला मामांकडे दिली. थोड्या वेळाने मामा यादी हातात घेऊन माझ्याकडे आले. त्यांचं बोट सातव्या नावावर होतं. मथुराबाई.

‘ही अशी सोडनार नाय,’ ते म्हणाले. त्यांनी यादी पुढे पाठवली नाही. दुसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि स्वतःचं तिकीट काढून काठावर गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आले तेव्हा माझ्याकडे आधी आलेच नाहीत. आपल्या खिडकीत बसून राहिले. मीच गेले. त्यांनी सांगितलं ते असं. मथुराबाईचा मुलगा वाळूजला कंपनीत आहे. आमच्या रजिस्टरला नंबर त्याचा. नोटीस त्याने वाचली होती आणि आईला फोन करून सांगितलीही होती. बाकीच्या अठरांपैकी बहुतेकांनीही वाचली होती. पण कुणी हललं नव्हतं. मथुराबाईने मामांना सरळ सांगितलं होतं, ‘मेसेज आला म्हनला पोरगा. पन तुमी आले नाय. म्हनलं, खरं असंल तं मामा येतीलच सांगायला. म्हनून वाट पाह्यली.’

इतकी वर्षं मामांनी काठाला एक सवय लावली होती. मामा आले, उलट्या होडीवर बसले, सांगितलं, म्हणून घेतलं, म्हणजे ती नोटीस. त्याआधी नुसता कागद. आता त्याच सवयीपायी एकोणीस माणसं बसून राहिली होती. ‘माज्यामुळं ऱ्हायली, ताई,’ ते म्हणाले. त्यांना परवाने जाणार याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं दुःख हे होतं, हे मला दिसत होतं.

मी म्हटलं, आपण साहेबांना सांगू की लोकांना कळलं नव्हतं. मामांनी फाईल उघडून माझ्यापुढे ठेवली. तक्ता होता, रकाना होता आणि एकोणीसच्या एकोणीस नावांपुढे ‘समजली’ लिहिलेलं होतं. खाली माझी सही.

‘हे समजली कुनी लिव्हलं?’ त्यांनी विचारलं. रागाने नाही. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, कॉम्प्युटरमध्ये आपोआप येत असेल.

मी लिहिलं, असं मी सांगितलं.

तुम्हाला सांगते, मला त्या वेळी माझ्या बढतीचा विचार आला. बढतीची यादी वरच्या कार्यालयात होती, वर्षभरात माझं नाव लागणार होतं, आणि अशा वेळी ‘मी खात्री न करता नोंद केली’ असं लेखी देणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव खाली ढकलणं. मी हे बोलले नाही, पण मामांनी इतकी वर्षं कार्यालय पाहिलं होतं. त्यांना कळलंच असणार. त्यांनी मला लिहून द्या असं म्हटलं नाही. फाईल मिटली, तिच्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

‘आता तुमी मला सांगा. मथुराबाईला नोटीस समजली का?’

ते नेहमीसारखेच माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी लपवायचं मनात असताना मी पहिल्यांदाच त्या नजरेसमोर उभी होते आणि तेव्हा मला कळलं, की काठावरची माणसं खोटं का सांगू शकत नसत.

‘नाही समजली,’ मी म्हटलं.

‘बरोबर,’ मामा म्हणाले.

मी टेबलाशी जाऊन टिपणी लिहिली. चार वाक्यांची. की निळी खूण पाहून मी ‘समजली’ अशी नोंद केली, एकाही परवानाधारकाकडून खात्री करून घेतली नव्हती, ही चूक माझी आहे, आणि एकोणीस जणांना नोटीस नव्याने बजावून मुदत द्यावी. टिपणी आधी मामांना वाचायला दिली. त्यांनी ती वाचली, खिशात ठेवली, मला शब्दन् शब्द परत सांगितली आणि काढून हातात दिली. अडखळले कुठेच नाहीत.

साहेबांनी ती दोनदा वाचली. मला खुलासा मागणारं पत्र मिळालं, त्याचं पुढे जे व्हायचं ते झालं आणि माझी बढती दोन वर्षं उशिरा आली. पण एकोणीस जणांना पंधरा दिवस मिळाले. साहेब स्वतः खिडकीपाशी आले आणि मामांना म्हणाले, की गाडी देतो, तुम्ही जाऊन सांगा. मामांनी गाडी नको म्हटलं. गाडीतून उतरलेल्या माणसापुढे लोक नुसती मान हलवतात, असं त्यांचं म्हणणं होतं. गुडघ्याला पट्टा बांधून ते एसटीने गेले, मी रजा टाकून बरोबर गेले. ज्या चढावर ते थांबायचे तिथे मीही चप्पल नीट करण्याच्या निमित्ताने थांबायची. उलट्या होडीवर बसून त्यांनी एकोणीस वेळा ऐकून घेतलं. आणि शेवटी प्रत्येकाला एक गोष्ट जास्तीची सांगितली, की आता मेसेज आला तर तोही खराच धरायचा, माझी वाट पाहायची नाही. हे मात्र कुणाला पटकन परत म्हणता आलं नाही. मथुराबाईने पाचवं बोट मुडपलंच नाही. ‘ते काय आमाला जमंल असं वाटत नाय,’ म्हणाली.

पंधराव्या दिवसाच्या आधीच सगळे येऊन गेले. मथुराबाई प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आली. नवा परवाना हातात मिळाल्यावर तिने तो मामांच्या खिडकीत नेऊन दाखवला. मामांनी तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि तारीख कधी संपते ते तिच्याकडून म्हणून घेतलं.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाला शाल दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं. साहेबांनी भाषण केलं, त्यात त्यांची निष्ठा, सेवा, समर्पण असं बरंच काही होतं. मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, म्हणाले, ‘साहेबांनी लई चांगलं सांगितलं. पन मला परत सांगता येनार नाय,’ आणि बसले. सगळे हसले. मी हसले नाही.

छावणीतल्या खोल्या सोडून ते फुलंब्रीकडे गावी भावाकडे गेले. सणावाराला फोन यायचा. कार्यालयाचं काय, साहेबांचं काय, काठावर सगळे बरे आहेत का. शेवटी म्हणायचे, ‘मी काय म्हनलो ते सांगा बरं.’ मी सांगायची. पलीकडून ‘बरोबर’ आलं की फोन ठेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. मी आवक-जावकच्या खिडकीकडे पाहिलं. तिथे आता कुणीच बसत नाही, कुंडी ठेवली आहे. मी ग्रुपवर बातमी टाकली. हात जोडलेली चित्रं भराभर आली. निळ्या खुणाही आल्या, मथुराबाईच्या मुलाच्या वाळूजच्या नंबरासमोरही आली. मी त्या खुणांकडे बघत बसले. पुढच्याच रविवारी मी पैठणची गाडी पकडली.

मथुराबाई काठावर जाळं सांधत बसली होती. मला एकटीला येताना पाहून तिने माझ्या मागे रस्त्याकडे नजर टाकली. मी तिच्याशेजारी बसले. मुलगा बोलला का, असं विचारलं. म्हणाली, ‘फोन आल्ता. पन मी काय धरलं नाय ते.’

मग मी सांगितलं. की मामा गेले. मंगळवारी सकाळी. अंगणात चहा घेऊन खुर्चीवर बसले होते, तिथेच. दवाखान्यात न्यायची वेळच आली नाही. मुलगी जवळ होती.

तिने हातातलं जाळं खाली ठेवलं. पाण्याकडे पाहत राहिली. मग तिने उजवा हात गुडघ्यावर घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली.

‘मामा गेले,’ ती म्हणाली. ‘मंगळवारी सकाळच्याला. अंगनात चहा घेऊन खुर्चीवर बसले व्हते, तितंच. दवाखाना नाय झाला. लेक जवळ व्हती.’

पाचही बोटं मिटली. एक गोष्ट सुटली नव्हती, एक जादा आली नव्हती. हात तसाच मिटलेला ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. ती कशासाठी थांबली आहे हे मला उशिरा कळलं.

‘बरोबर,’ मी म्हटलं.

आणि मग ती रडली.